बादल्या कमी करा, टाकी मोठी करा

पत्र: तीन वर्षांपूर्वी लेकीच्या हट्टापायी घरात कासव आलं. तेव्हा डबीच्या झाकणाएवढं होतं, आता पाठ मोजली तर १२ सेंटिमीटर भरते. डोळ्यांमागे लाल पट्टा, पुढच्या पायांची नखं आखूड. नाव ढब्बू. दोन फुटी काचेच्या टाकीत राहतो. टाकीत रंगीत खडी, एक गुळगुळीत दगड, माशांच्या टाकीतला छोटा फिल्टर आणि झाकणाला एलईडी दिवा. दर तिसऱ्या दिवशी मी टाकी पूर्ण रिकामी करते, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुते, काच साबणाने घासते. हे सगळं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये, कारण दुसरीकडे जागा नाही. तरी दुसऱ्या दिवशी पाणी पांढरट दिसतं आणि तिसऱ्या दिवशी वास सुटतो. ढब्बू दिवसभर काच ओरबाडत असतो. पाठीवरून पापुद्रे सुटतायत म्हणून लेक दर रविवारी ब्रशने घासून तेल लावते. खायला सुकी कोळंबी, ती मात्र आवडीने खातो. मोठा फिल्टर घेऊ का? वास घालवणारं एखादं औषध मिळतं का? एकटा पडलाय म्हणून दुसरं कासव आणावं का? नवरा म्हणतो, सरळ तळ्यात सोडून ये.
— रोज बादल्या उचलणारी

ताई,

तुमचं पत्र वाचता वाचता माझीच कंबर दुखायला लागली. दोन फुटी टाकीत वीतभर पाणी धरलं तरी चाळीस-पंचेचाळीस लिटर होतं. ते महिन्यातून दहा वेळा काढायचं आणि दहा वेळा भरायचं, म्हणजे जवळजवळ ९०० लिटर पाणी दर महिन्याला तुमच्या हातांवरून जातं. एवढं करूनही वास येतो म्हटल्यावर कुणालाही वाटेल की आपलं घासणं कमी पडतंय. तसं नाही. तुम्ही फार घासताय, म्हणून वास येतोय.

कासव पाण्यातच खातं आणि पाण्यातच हगतं. त्या घाणीतून अमोनिया सुटतो. टाकीत काही दिवस गेले की स्पंजवर, काचेवर, दगडावर एक बुळबुळीत थर धरतो. आपल्याला तो घाण वाटतो, पण त्यातल्या एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी. थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. ही वसाहत नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही ती दर तिसऱ्या दिवशी नळाखाली धरताय. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेलं असतं. आपले कोण आणि परके कोण हे त्याला कळत नाही. वर साबण. दुसऱ्या दिवशी दिसणारा पांढरट गढूळपणा म्हणजे रिकाम्या झालेल्या टाकीत दुसरेच जिवाणू भराभर वाढल्याची खूण. ते निवळायच्या आत पुन्हा बादली येते, आणि टाकी कायम पहिल्या आठवड्यातच अडकून राहते.

हा धडा मीही अंगावर घेऊनच शिकलो. माझ्याकडच्या कासविणीला एकवीस वर्षं झाली. पहिल्या दोन वर्षांत मी फिल्टरचा स्पंज असा पांढराशुभ्र करून ठेवायचो की पाहुण्यांना दाखवावा. पाणी मात्र कायम ताक सांडल्यासारखं.

म्हणून आज, हे वाचून झाल्यावर, साबण बंद. औषधही नको. वास मारणारं औषध वास मारतं, अमोनिया नाही. आणि नाकाला कळणं बंद झालं की आपण निर्धास्त होतो. अमोनिया किती आहे ते थेंबांच्या चाचणी-संचाने पाहायचं. नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, सांगितलेले थेंब टाकायचे आणि थोडं थांबून रंग बघायचा. पिवळा राहिला तर ठीक, हिरवट होत गेला तर अमोनिया आहे. तुमच्या टाकीचं पाणी आज हिरवं होईल, यावर मी पैज लावायला तयार आहे. कासव हवेतून श्वास घेतं, त्यामुळे माशासारखं लगेच दगावत नाही. पण डोळे आणि कातडी चुरचुरत राहतात. बिचारं बोलत नाही, इतकंच.

सिंकचं मात्र गंमतीवारी नेता येणार नाही. कासव दिसायला अगदी ठणठणीत असलं तरी त्याच्या पोटात साल्मोनेला (जुलाब-तापाचा जंतू) असू शकतो. अमेरिकेत चार इंचांपेक्षा, म्हणजे साधारण दहा सेंटिमीटरपेक्षा लहान पाठीच्या कासवांची पाळण्यासाठी विक्री १९७५ पासून बंद आहे, ती याच कारणाने: लहान मुलं ती हातात घ्यायची, तोंडाला लावायची आणि आजारी पडायची. टाकीचं काहीही जिथे अन्न हाताळतो तिथे धुवायचं नाही. न्हाणीघरात धुवा, नंतर ती फरशी जंतुनाशकाने पुसा. टाकीची बादली आणि पाण्याचा मग वेगळे ठेवा, त्यावर खूण करा. लेकीने कासवाला हात लावला की साबणाने हात धुवायचे, आणि त्याचा पापा घ्यायचा नाही. घरात पाच वर्षांखालचं मूल किंवा आजारपणातून उठलेलं माणूस असेल तर त्यांनी लांबूनच बघावं.

आता फिल्टर. तुमचा पहिला प्रश्न तोच होता, पण मी तो मुद्दाम मागे ठेवतोय, कारण फिल्टरच्या आधी एक गोष्ट तुमच्या टाकीत मुळातच नाही. ढब्बूला अंग कोरडं करायला जागाच नाही.

लाल पट्ट्यावरून तो लाल कानाचा स्लायडर दिसतो. ही जात पाण्यातली खरी, पण दिवसातले तास न् तास काठावर ऊन खात पडणारी. स्लायडर हे नावच तिला त्यावरून पडलं: चाहूल लागली की ओंडक्यावरून पाण्यात घसरते. तेव्हा टाकीचे दोन भाग धरून चालायचं. एक पाण्याचा आणि एक कट्ट्याचा. तुमचा गुळगुळीत दगड कट्ट्यात मोडत नाही. त्यावर चढेपर्यंत पोटाखालचं ओलंच राहतं. कट्टा म्हणजे असा, की चारही पाय वर घेऊन तो खालून-वरून पूर्ण वाळला पाहिजे. चढायला खरखरीत उतार हवा, त्याचं खालचं टोक पाण्यात बुडालेलं असावं. वजनाने कलंडता कामा नये. आणि कट्टा पाण्यावर तरंगता नसावा, असं माझं स्पष्ट मत आहे. रबरी वाटीने (सक्शन कपने) काचेला चिकटणारे तरंगते तुकडे पिल्लांपुरते ठीक. मोठं कासव चढायला लागलं की एक बाजू बुडते आणि ते पुन्हा पाण्यात. दोनदा घसरलं की तिसऱ्यांदा प्रयत्नच करत नाही.

मला सगळ्यात पटलेली मांडणी म्हणजे कट्ट्याची वेगळी पेटी टाकीच्या काठावर बसवायची आणि उतार खाली पाण्यात सोडायचा. त्यामुळे टाकी जवळपास काठोकाठ भरता येते, कट्टा पाण्याची जागा खात नाही आणि कासव उडी मारून बाहेर पडत नाही. ही पेटी घरीही करता येते: प्लास्टिकचा जाड खोका, तळाला जाळी, एका टोकाला पाण्यात उतरणारी जाळीची घसरगुंडी. कापलेल्या कडा घासून गुळगुळीत करा आणि जाळीची भोकं अशी ठेवा की नख अडकणार नाही.

कट्ट्यावर दोन दिवे लागतात आणि त्यांची कामं वेगळी आहेत. एक उष्णतेचा. त्यासाठी साधा हॅलोजनचा दिवाही चालतो. कट्ट्यावर, कासवाच्या पाठीच्या उंचीला थर्मामीटर ठेवून तापमान बघा. ३० ते ३४ अंश सेल्सिअस हवं. जास्त झालं तर दिवा वर घ्या, कमी पडलं तर खाली. हाताने अंदाज करू नका, आपला हात फार लबाड असतो.

दुसरा दिवा अतिनील किरणांचा, आणि तो ‘यूव्हीबी’च हवा. २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या पट्ट्यातल्या या किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. ते नसलं तर खाल्लेलं कॅल्शिअम अंगी लागत नाही. मग कवच मऊ पडतं, वाकडं वाढतं, पायांची हाडं पिचतात. तुमच्या झाकणावरच्या एलईडीतून यातलं काहीही मिळत नाही. तो दिवा तुम्हाला कासव दिसावं म्हणून आहे. खिडकीतलं ऊनही या कामाचं नाही, कारण साधी काच यूव्हीबी अडवते. तेच दिव्याच्या बाबतीत: दिवा आणि कासव यांच्यामध्ये काच किंवा प्लास्टिक येता कामा नये, बारीक जाळीसुद्धा किरण बरेच कमी करते. पिळाच्या छोट्या बल्बपेक्षा लांब ट्यूब घ्या, ती सबंध अंगावर सारखी पडते. कट्ट्यापासून किती उंचीवर लावायची ते त्या ट्यूबच्या खोक्यावर दिलेलं असतं आणि ते प्रत्येक ताकदीला वेगळं असतं, म्हणून शेजाऱ्याचं माप उचलू नका. आणखी एक मेख आहे. ट्यूब डोळ्यांना छान उजळ दिसत राहते, पण तिचं यूव्हीबी कधीच ओसरलेलं असतं. प्रकारानुसार सहा महिने ते वर्षभरात ती बदलावी लागते. लावल्याची तारीख मार्करने तिच्या टोकाला लिहून ठेवा. दोन्ही दिवे टायमरवर, दिवसाला दहा ते बारा तास. रात्री अंधार.

बाहेरचं खरं ऊन मिळत असेल तर त्याची सर कशालाच नाही. पण त्यासाठी टाकी उचलून उन्हात ठेवायची नाही. काचेच्या टाकीत उन्हाने पाणी बघता बघता तापतं आणि कासवाला पळायला जागा नसते. उघडा टब, थोडं पाणी, अर्ध्यावर सावली, वीस-पंचवीस मिनिटं, आणि तुम्ही शेजारी. ‘जरा फोन घेऊन येते’ म्हणून उठायचं नाही. कासव हळू असतं हे आपण गोष्टीत ऐकलेलं. उघड्यावर मोकळं सुटलेलं कासव पाहिलं की ती गोष्ट विसरायला होते.

आता टाकी केवढी. पाळणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा चालतो: पाठीच्या लांबीच्या दर सेंटिमीटरला साधारण पंधरा लिटर पाणी. बारा सेंटिमीटरला १८० लिटर झाले. तुमच्याकडे पंचेचाळीस आहेत, म्हणजे पाव भाग. एवढ्याशा पाण्यात तेवढी घाण पडली तर कुठलाही फिल्टर काय करणार? आणि ढब्बू अजून वाढणार आहे. या जातीचे नर पंधरा-वीस सेंटिमीटरवर थांबतात, माद्या पंचवीस-तीसपर्यंत जातात.

इथे एक बातमी देतो. बारा सेंटिमीटरच्या नराची पुढची नखं चांगली लांब, सुईसारखी झालेली असतात आणि शेपूट जाड, लांब. तुम्ही नखं आखूड लिहिलंय. तेव्हा ढब्बू ही बहुधा ढब्बी आहे. लेकीला हळूच सांगा.

मादी म्हटलं की हिशेब मोठा होतो. म्हणून मधली टाकी घेण्यात अर्थ नाही, एकदाच घ्या. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दीड-पावणेदोन फूट उंच अशी टाकी तीनशे-साडेतीनशे लिटर धरते आणि बरीच वर्षं पुरते. उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची, पोहायला आडवी जागा लागते. काचच हवी असा हट्ट नसेल तर जाड प्लास्टिकचा मोठा हौद किंवा टब घ्या. दिसायला साधा, पण काचेपेक्षा हलका आणि बराच स्वस्त. कासवाला अपारदर्शक भिंती आवडतात, हा वरचा फायदा. काच घेतलीत तर वजन आधी बघा. लिटरला किलो, म्हणजे नुसतं पाणीच तीनशे किलो. त्यावर काच, दगड, कट्टा. जेवणाचं टेबल किंवा कपड्यांचं कपाट हे पेलणार नाही. माझ्या पहिल्या टाकीखालचं फळकूट मधे बोटभर वाकलं होतं, आणि ते मला टाकीच्या काचेला तडा गेल्यावर दिसलं. पक्कं लोखंडी किंवा लाकडी स्टँड, चारही पाय पातळीत, भिंतीलगत.

पाणी किती खोल, ही भीती बऱ्याच जणांना असते. स्लायडर पट्टीचा पोहणारा आहे. उलट पाणी फार उथळ असेल तर उताणं पडलेलं कासव वळू शकत नाही. खोली निदान पाठीच्या लांबीच्या दीडपट हवी, दोन-तीनपट असली तर उत्तम. इतकी वर्षं वीतभर पाण्यात काढली आहेत म्हणून आठवडाभरात थोडं थोडं वाढवा आणि मध्ये टेकायला एक ओंडका द्या. पाण्याचं तापमान २४ ते २६ अंश. घर थंड असेल तर हीटर लागेल, आणि तो जाळीच्या आवरणातच हवा. माझ्या कासविणीने काचेचा हीटर दगडावर आपटून फोडला आहे. पाणी उपसायच्या आधी हीटरचा प्लग काढायचा, उघडा पडलेला तापता हीटर तडकतो.

विजेबद्दल दोनच वाक्यं, पण ती वाचल्याशिवाय दिवे लावू नका. टाकीची सगळी उपकरणं गळती झाली की प्रवाह तोडणाऱ्या ब्रेकरवर असावीत, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबती ठेवून मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोळात टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. उष्णतेचा दिवा नुसत्या चिमट्यावर सोडू नका, वरून साखळीने बांधा. चिमटे सुटतात, माझा सुटला होता, दिवा पाण्यात गेला आणि ब्रेकरने घर अंधारात टाकलं. कासवीण वाचली. मी रात्रभर जागा.

एवढं झालं की फिल्टर. होय, मोठा घ्या. बाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर, आणि खोक्यावर लिहिलेली क्षमता तुमच्या पाण्याच्या दुप्पट ते तिप्पट, कारण ते आकडे माशांच्या हिशेबाने छापलेले असतात. तीनशे लिटरला सहाशे ते नऊशेचा. आत स्पंज आणि सिरॅमिकच्या रिंगा भरा. जिवाणूंची वस्ती तिथेच होते. तुमचा जुना छोटा फिल्टर फेकू नका. त्याचा स्पंज आजपासून न धुता तसाच राहू द्या आणि नव्या टाकीतही महिनाभर चालू ठेवा, विरजण म्हणून. सुरुवातीचे पाच-सहा आठवडे दर दोन-तीन दिवसांनी पाव हिस्सा पाणी बदला आणि थेंबांची चाचणी करत राहा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरून नायट्राइट चढेल, मग तेही शून्यावर येईल. तिथून पुढे आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पुरे. नायट्रेट ४० पीपीएमच्या (लिटरला ४० मिलिग्रॅमच्या) वर जायला लागलं तर थोडं जास्त. नव्या पाण्यात क्लोरीन मारणारे थेंब टाका. एक दिवस बादलीत ठेवून क्लोरीन उडतं, पण पाणी क्लोरामाइनने शुद्ध केलेलं असेल तर ते असं उडत नाही, म्हणून थेंबच बरे.

फिल्टर कधी धुवायचा? धार मंदावली की. आणि कशात? टाकीतूनच काढलेल्या पाण्यात. पाणी बदलताना जी बादली भरते, त्यात स्पंज दोन-चारदा पिळा, गाळ सुटला की बस. तपकिरी दिसला तरी चालेल. तपकिरीच असायला हवा. स्पंज आणि रिंगा एकाच दिवशी कधीही धुवू नका.

तुमच्या बादल्यांवर माझा खरा उतारा म्हणजे नळी. टाकीतून न्हाणीघरापर्यंत पोचेल एवढी लांब पारदर्शक नळी घ्या, टाकी वर आणि न्हाणीघराची जाळी खाली असली की पाणी आपोआप उतरतं. फक्त ती तोंडाने ओढून सुरू करू नका. साल्मोनेलाचं वर लिहिलंच आहे. हाताने दाबायचा फुगा असलेली नळी मिळते. जाता जाता तिचं टोक तळावरून फिरवलं की शीही उचलली जाते.

त्यासाठी तळ मोकळा हवा. रंगीत खडी सगळी बाहेर काढा. तिच्या फटींत घाण कुजते हे एक, आणि कासवं खडे गिळतात हे दुसरं. आतडं अडलं तर शस्त्रक्रियेपर्यंत जातं. उघडाबोडका तळ सगळ्यात सोयीचा. आवडत नसेल तर ढब्बीच्या डोक्यापेक्षा मोठे गोल गोटे ठेवा, मोजकेच. झाडं लावाल तर ती खाल्ली जातील. मी लावतो, ती खाते, आमचं तसं ठरलेलंच आहे.

काच ओरबाडण्याचं कारण तुम्ही एकटेपणा धरलंत. जागा अपुरी, चढायला कट्टा नाही आणि काचेत स्वतःचंच प्रतिबिंब: माझ्या मते ही तीन कारणं आधी. एलईडीने ते प्रतिबिंब आणखी ठळक होतं. टाकीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना बाहेरून गडद कागद लावा, समोरची एकच बाजू उघडी ठेवा. हे आजच्या आज, जुन्या टाकीलाही करता येतं. तरीही तुम्ही खोलीत आलात की ती काचेला येऊन पाय मारेल, पण ते खाण्यासाठी. स्लायडर जन्मजात भिकारडे. पोटभर जेवून अर्ध्या तासात उपाशी चेहरा करतात. त्या चेहऱ्याला भुलू नका, कारण जास्तीचं खाणं शेवटी पाण्यातच उतरतं.

खाण्याचं थोडक्यात. सुकी कोळंबी हा खाऊ, जेवण नव्हे. जलकासवांसाठीच्या चांगल्या गोळ्या एक दिवसाआड, तिचं डोकं पोकळ धरलं तर त्यात मावतील एवढ्या. रोज पाला: लेट्यूसची गडद पानं, तरंगती डकवीड. पालक क्वचितच, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शिअम बांधून ठेवतं. पिल्लं मांस जास्त खातात, वाढतील तशी पाल्याकडे वळतात, तेव्हा पहिले काही आठवडे पाल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही तरी टाकत राहा. समुद्रफेसाचा (कटलफिशच्या हाडाचा) तुकडा पाठीमागचं कडक कवच सोलून पाण्यात सोडा, ती कुरतडेल. वीस मिनिटांत जे उरेल ते जाळीने काढा. काही जण वेगळ्या टबात नेऊन भरवतात, पाणी स्वच्छ राहतं हे खरं. मी दोन वर्षं केलं आणि सोडलं. रोज उचलल्यामुळे ती माझा हात दिसला की बुडी मारायची, आणि शी व्हायची ती शेवटी टाकीत परतल्यावरच.

दुसरं कासव नको. माणसाला एकटेपणा जाणवतो तसा यांना जाणवतो असं समजायचं कारण नाही. दोघं एका टाकीत म्हणजे कट्ट्यावरून ढकलाढकली आणि शेपटीला-पायाला चावे. नर आणलात तर तो तिला पाणी पिऊ देणार नाही. पण मादी एकटी असली तरी एक तयारी ठेवावी लागते. मोठी झाली की ती नराशिवायही अंडी घालते, ती फळत नाहीत इतकंच. त्या वेळी अस्वस्थ होते, खाणं सोडते, मागच्या पायांनी उकरल्यासारखं करते. तेव्हा तिच्या पाठीपेक्षा खोल, ओलसर माती-वाळू भरलेला मोठा टब द्यायचा. अंडी आत अडकली तर जीवावर बेततं.

यजमानांना सांगा, तळं हा पर्याय नाही. या जातीचं मूळ घर अमेरिकेतलं मिसिसिपीचं खोरं. लोकांनी हौसेने आणलेली आणि कंटाळून सोडलेली ही कासवं आज कितीतरी देशांतल्या तळ्यांत तिथल्या कासवांच्या ऊन खायच्या जागा आणि अन्न बळकावून बसली आहेत. जगातल्या सगळ्यात उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत तिचं नाव आहे, आणि युरोपीय संघात २०१६ पासून विक्रीला बंदी आहे. खरंच झेपत नसेल तर प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेकडे किंवा जाणत्या माणसाकडे द्यावं. झेपेल की नाही, हे ठरवताना एक आकडा मात्र समोर ठेवा. नीट सांभाळलं तर हे कासव तीस-चाळीस वर्षंही जगतं. ढब्बी आता तीन वर्षांची आहे.

राहता राहिली पाठ. ब्रश आणि तेल थांबवा. तेलाने कवचावर घाण चिकटते आणि ब्रशने जो पापुद्रा अजून सुटायचा नाही तोच ओढला जातो. पापुद्रे पातळ, पारदर्शक आणि खालचं कवच कडक असेल तर तो आजार नाही, ती वाढ आहे. कवच वाढतं तसा प्रत्येक खवल्याचा वरचा थर निघून जातो. तिच्याकडे कट्टा नसल्याने तो वाळून सुटायच्या ऐवजी भिजत चिंध्या होऊन राहिलाय. खाली मऊ लागत असेल, लालसर किंवा चुन्यासारखं पांढरं काही दिसत असेल, वास येत असेल तर मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांचं कळणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. डोळे सुजून मिटले, नाकातून बुडबुडे आले, पोहताना एका बाजूला कलायला लागली, तरीही थांबू नका. घरी अ जीवनसत्त्वाचे थेंब पाजायचा प्रयोग नको, जास्त झालं तर तेही बाधतं.

कट्टा बसवल्यावर पहिले चार-पाच दिवस ती वर फिरकणारही नाही. उचलून ठेवू नका, समोर जाऊन बसू नका. मग एखाद्या दुपारी दाराआडून पाहाल तर मान पूर्ण ताणलेली, डोळे मिटलेले, मागचे दोन्ही पाय मागे लांब सोडून बोटं फाकवलेली दिसतील, बोटांमधल्या पडद्यात ऊब शिरावी म्हणून. त्यानंतर काही आठवड्यांनी पाण्यावर नखाएवढी, तपकिरी रेषांची, कचकड्यासारखी चकती तरंगताना सापडेल. तो सबंध निघालेला खवला. लेकीला तो दिव्यासमोर धरून दाखवा, वाढीच्या रेषा आरपार दिसतात. वहीत चिकटवणार असेल तर आधी धुऊन वाळवा. न्हाणीघरात.